रिळावरचा झेंडेकरी

आवाज यायचा तो दुपारच्या चहाच्या वेळी. मी आधण ठेवून आलं किसत असायचे आणि मागच्या बाल्कनीतून ब्रश धुतल्याचा आवाज यायचा. स्टीलच्या पेल्याच्या काठावर दोन टिचक्या, मग तळाशी घासत एक सावकाश फेरी, आणि शेवटी काठावर पुन्हा एक टिचकी, हलकीच. माझ्या नवऱ्याची ब्रश धुण्याची ही पद्धत. निवृत्त झाल्यापासून ते रोज त्या बाल्कनीत बसून रंगवायचे आणि मी रोज त्या टिणटिणीला वैतागायचे. आता वैतागायची सोय राहिली नव्हती, कारण त्यांना जाऊन काही महिने झाले होते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गॅस बंद करून बाल्कनीत गेले. पेला टेबलावर पालथा होता, आतून कोरडा. मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं, शेजारच्यांच्या बाल्कनीत पाहिलं, कबुतरं हाकलली. खडकीच्या कारखान्यात मी नोकरीची सगळी वर्षं तपासणीच्या टेबलावर काढली आहेत. भाग मापात बसला तर पास, नाही तर नापास, मधलं काही नाही. असल्या आवाजाला कुठलं माप लावायचं ते मात्र आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी चहा तसाच राहिला.

ते रंगवायचे काय, तर खेळातले शिपाई. अंगठ्याच्या पेराएवढे, करड्या प्लास्टिकचे. आमची मुलगी परदेशात असते. तिने एकदा गंमत म्हणून पटावरच्या युद्धाच्या खेळाचा एक खोका पाठवला आणि दोन वयस्कर पुणेकर त्यात जे बुडाले ते वर आलेच नाहीत. एक आमचे हे आणि दुसरे त्यांचे बालमित्र. मित्रांच्या घराण्याचं शनिवार पेठेत बटणं, लेस आणि दोऱ्यांचं दुकान आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं. आमचे हे त्याच गल्लीत वाढले. मी त्यांच्या मित्राला भाई म्हणते, ते मला वहिनी म्हणतात. लहानपणी हे दोघं दुकानाच्या पायरीवर बसून गल्लीतल्या किल्ल्यांवरचे मातीचे मावळे रंगवून द्यायचे. म्हातारपणी तेच चाललं होतं, फक्त मावळ्यांच्या जागी कुठले कुठले परके शिपाई आले होते.

दर रविवारी भाई आमच्याकडे धायरीला यायचे. जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरलं जायचं, त्यावर दोन फौजा, फासे आणि मोजपट्टी. मी ताट हातात घेऊन ओट्यापाशी उभ्याने जेवायचे आणि जाता येता टोमणे मारायचे. "झाली का बाहुल्यांची लग्नं?" हे माझं ठरलेलं वाक्य. दोघांपैकी कोणीही मान वर करायचं नाही.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. न रंगवलेला शिपाई पटावर येणार नाही. रंगवताना शिपाई हातात धरला तर बोटांनी रंग पुसला जातो, म्हणून तो दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर चिकटवायचा आणि रीळ धरून रंगवायचं. रिळं अर्थातच भाईंच्या दुकानातली. शिपाई पूर्ण झाला की रिळावरून उतरवायचा. त्यामुळे आमच्या घरात अर्धवट राहिलेल्या प्रत्येक गोष्टीला 'रिळावर आहे' म्हणायची सवय पडली. आमच्या सोसायटीची पाण्याची लाइन वर्षानुवर्षं रिळावर होती.

ह्यांची शेवटची फौज रिळावर राहिली. दोघांनी दिवाळीत एक मोठी लढाई करायची ठरवली होती, दोघांच्याही फौजा नव्या कोऱ्या. भाईंची तयार होती. हे एका सकाळी दूध आणायला गेले आणि फाट्यावरच कोसळले. पिशवी फुटली नव्हती. कोणीतरी ती मला आणून दिली आणि मी, काय करावं ते न कळून, दूध तापवलं.

सगळे विधी उरकल्यावर भाई आले. टेबलाकडे बघत म्हणाले, "वहिनी, ती लढाई राहिली."

"मग खेळा की कोणाशी तरी."

"त्याच्या फौजेशीच खेळायची आहे. पण ती रिळावर आहे."

मला राग आला. माणूस गेला आणि भाईंना बाहुल्यांची पडली आहे. पण तो राग बोलताना भलतीकडेच वळला. "रंगवायचेच आहेत ना? मी रंगवते. त्यात काय मोठंसं!" असं मी म्हणून गेले.

मोठंसं होतं. माझा पहिला शिपाई होळीतून पळून आल्यासारखा दिसत होता. मग मी फोनवर व्हिडिओ पाहायला लागले. एक परदेशी पोरगा नाकाला टेकेपर्यंत शिपाई जवळ घेऊन सगळं समजावून सांगायचा. रंग पाण्यासारखा पातळ करायचा आणि थरावर थर द्यायचे. ब्रश जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून नुसता फिरवला, तर कपड्याच्या घड्या उठून दिसतात. काळपट पाणी सोडलं की ते खाचांत जाऊन बसतं आणि चेहऱ्याला वय येतं. आणि सगळंच बिघडलं तर शिपाई जंतुनाशकात बुडवून ठेवायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा. रंग सुटतो, करडं प्लास्टिक पुन्हा हातात येतं. हा शेवटचा उपाय मला फार आवडला. आमच्या कारखान्यात नापास झालेला भाग परत कधी पहिल्यासारखा होत नसे.

एका शिपायाला मात्र मी हात लावला नव्हता. झेंडेकरी. ह्यांच्या हातून तो अर्धा झाला होता. कोट झाला होता, बूट झाले होते, चेहऱ्याचा एक डोळा झाला होता. दुसरा डोळा नव्हता आणि झेंडा कोरा होता. तो एक डोळा इतका नीट काढलेला होता, की बाल्कनीच्या कुठल्याही कोपऱ्यातून तो आपल्याकडेच बघतोय असं वाटायचं. मी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. सकाळी झाडू मारणारी बाई तो पुसून पुन्हा सरळ ठेवायची. तिला नको म्हणून सांगायचं माझ्या जिवावर यायचं, कारण मग का ते सांगावं लागलं असतं.

पावसाळा संपता संपता घोडेस्वारांची पहिली तुकडी मला पसंत पडली. मी त्यांना रिळांवरून उतरवलं, काचेच्या कपाटात उभं केलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा ठेवला. त्या दुपारी आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहाची वेळ बदलून पाहिली, पंखा बंद करून पाहिला, बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवून पाहिलं. आठवडाभर नुसती सिंहगड रस्त्याची घरघर ऐकत बसले. घर एवढं रिकामं मला ते गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग मी कपाटातून ते घोडेस्वार काढले, एकेक पारखून बघितले आणि सगळे नापास केले. ह्याचा लगाम जाड झाला आहे, त्याच्या घोड्याचं पोट एकसारखं नाही. कारण शोधायला बसलं की सापडतंच, माझी हयात त्यातच गेली होती. घोडेस्वार जंतुनाशकात गेले आणि करडे होऊन पुन्हा रिळांवर चढले. दुसऱ्या दिवशी आलं किसताना काठावर दोन टिचक्या वाजल्या, मग ती सावकाश फेरी. मी किसणी खाली ठेवली आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला भीती वाटली नाही. मला इतका आनंद झाला की त्याचीच भीती वाटली.

तेव्हापासून माझे प्रयोग सुरू झाले. प्रयोग करणाऱ्याला काम संपवायची घाई नसते आणि त्याला कोणी नावंही ठेवत नाही. चहाचा चोथा वाळवून मी शिपायांच्या पायाखाली माती केली. गेरू खलून विटांचा रंग केला. खिळे पाण्यात ठेवून खरा गंज तयार केला आणि तो भाल्यांना लावला. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, म्हणजे दिवसभर वाळत नाही, हेही केलं. प्रत्येक नव्या युक्तीसाठी जुनी तुकडी घासून काढायची. "आता हे नवीन जमतंय तर सगळ्यांना सारखंच हवं ना," असं मी भाईंना सांगायचे. ते नव्या रिळांची पिशवी टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "होऊ द्या वहिनी, सावकाश."

एकदा तर हद्द झाली. शिपायांच्या पायाखाली खडी दाखवायची होती. मला वाटलं, अळीव चांगले दिसतील, लाल, बारीक, एकसारखे. पांढऱ्या गोंदात ते चिकटवले आणि रंग ओला राहावा म्हणून पाच-सहा शिपाई त्या ओल्या स्पंजच्या डब्यात बंद करून ठेवले. त्या दिवसांत मला ताप होता, डबा विसरले. उघडला तेव्हा अळीव उगवून आले होते. हिरव्या रोपांनी एका घोड्याला चक्क उताणं पाडलं होतं. आयुष्यभर दर दिवाळीला किल्ल्यावर अळीव पेरलेली बाई मी, आणि मला हे सुचलं नाही! भाईंना दाखवलं तेव्हा ते रोपांवरून बोट फिरवत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "वहिनी, किल्ला झाला की हो हा! आता वर बुरूज बांधा." मीही हसले. हे गेल्यापासून त्या घरात दोघं माणसं एकदम हसली अशी ती पहिलीच वेळ. आतल्या खोलीत कोणीतरी तिसरंही ऐकतंय असं मला सारखं वाटत राहिलं.

भाईंमधला बदल मी पाहत होते, पण त्याचा अर्थ लावत नव्हते. आधी ते स्कूटरवर यायचे. मग पीएमटीने यायला लागले, "पार्किंग कुठे मिळतं आजकाल" म्हणून. मग रिक्षाने. शिपाई हातात घेतला की मान तिरकी करून बघायचे. मला वाटायचं, पारखून बघतायत, जरा भावच खातायत.

एका रविवारी मी त्यांच्या हातात भाल्यांच्या तुकडीचा नायक दिला. त्याच्यासाठी लाल रंगाचे पाच थर चढवले होते आणि त्याचं मला स्वतःलाच कौतुक होतं. भाईंनी तो उजेडाकडे धरला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "वा! लाल काय उतरलाय!"

मी चहाचा ट्रे खाली ठेवून बघितलं. त्यांच्या हातात चुकून दुसराच शिपाई गेला होता. आदल्या दिवशी घासून काढलेला. करडा. अंगावर रंगाचा एक ठिपका नव्हता.

मी खुर्चीत बसले. भाईंना माझं गप्प बसणं कळलं. त्यांनी अंगठा शिपायावरून वरखाली फिरवला, अजून एकदा फिरवला आणि तो अलगद टेबलावर ठेवला.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तो होता तेव्हापासूनच. त्याला माहीत होतं. डोळ्याचा पडदा सुकतोय म्हणतात. मधलं पुसलं जातं, कडेकडेचं दिसतं. म्हणून तर दिवाळीत मोठी लढाई करायची ठरलं होतं, वहिनी. दिसतंय तोवर."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याकरता घाई केली असतीत. तुमचं मन लागलं होतं. मला वाटलं, बघू, पुरतील डोळे."

मला रडू आलं आणि रागही आला. दोघांचाही आला. एकाने घरातल्या घरात माझ्यापासून हे लपवलं होतं आणि दुसरा सहा महिने माझ्या कोऱ्या शिपायांना वाहवा देत होता. आणि मी बाल्कनीतला एक आवाज टिकावा म्हणून ह्या माणसाच्या डोळ्यांतला उजेड घासून काढत बसले होते. हे शेवटचं वाक्य मी त्यांना सांगितलं नाही. "मला ती लढाई संपायला नको होती," एवढंच म्हणाले. त्यांनी मान हलवली. काय समजले कोण जाणे.

त्या दिवसानंतर मी जंतुनाशकाची बाटली मोरीत नेऊन ठेवली. नवी युक्ती नाही, व्हिडिओ नाही. जे येत होतं त्यात रंगवत गेले. एकेक तुकडी रिळांवरून उतरत गेली आणि दुपारचा आवाज विरळ होत गेला. आधी शेवटची टिचकी येईनाशी झाली. मग तळाची फेरी अर्ध्यात तुटायला लागली. मी आलं किसताना मुद्दाम नळ सोडून ठेवायला लागले. न आलेला आवाज ऐकत बसण्यापेक्षा ते बरं होतं.

शेवटी रिळावर एकटा झेंडेकरी उरला. ठरलेल्या रविवारी सकाळी मी त्याला भिंतीकडून वळवला, श्वास धरला आणि त्याचा दुसरा डोळा काढला. तपासणीवाल्या बाईचा हात होता तो. पण झेंड्यापाशी अडले. त्यावर काय काढायचं हे ह्यांनी मनाशी ठरवलेलं होतं, मला सांगितलं नव्हतं. मी काहीही काढलं असतं तरी ते चूक ठरणार होतं.

भाई आले, फौजा मांडल्या गेल्या. त्यांची टेबलाच्या त्या बाजूला, ह्यांची ह्या बाजूला. ह्यांच्या फौजेच्या पुढची जागा त्यांनी हाताने चाचपली. "झेंडा कुठाय?"

मी झेंडेकरी रिळासकट त्यांच्यापुढे ठेवला. "झेंड्यावर काय काढायचं होतं त्यांना? तुम्हाला बोलले होते?"

"छे. तो कुठला सांगतोय!" भाई म्हणाले. मग कोऱ्या झेंड्यावरून बोट फिरवत म्हणाले, "मी भरू का? नुसता लाल भरतो."

इतक्या वर्षांत भाईंनी आमच्या घरी ब्रश कधी हातात घेतला नव्हता. ते दुकानात बसून रंगवायचे आणि तयार शिपाई डब्यातून आणायचे. मी ह्यांचा पेला पाणी भरून आणला, रंग काढला, ब्रश त्यांच्या बोटांत दिला. त्यांनी रीळ धरलं, मान पार खांद्याला टेकेपर्यंत तिरकी केली आणि डोळ्याच्या कडेने बघत झेंडा भरायला घेतला. मी चहा ठेवायला आत गेले. आलं किसायला घेतलं.

काठावर दोन टिचक्या. तळाशी घासत एक सावकाश फेरी. आणि काठावर पुन्हा एक, हलकीच.

किसणी माझ्या हातातून सुटली. मी तशीच बाहेर आले. ह्यांच्या खुर्चीत कोणी नव्हतं. समोरच्या खुर्चीत भाई ब्रश फडक्याला टिपत होते.

"असा का धुता तुम्ही ब्रश?"

"कसा?"

"असा. दोनदा, मग फेरी, मग एकदा."

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "एकच पेला होता आमच्यात, वहिनी. दुकानाच्या पायरीवर. मावळे रंगवायचो तेव्हाचा. कोण कोणाचं बघून शिकला, आता कुणास ठाऊक."

मी झेंडा बघितला. लाल रंग काठाबाहेर गेला होता, शिपायाच्या मुठीवर आला होता, एक ठिपका टोपीवरही होता. कारखान्यात असला भाग मी बघताक्षणी बाजूला टाकला असता. मी तो पास केला. रंग ओला असतानाच शिपाई रिळावरून उतरवला आणि फौजेच्या पुढे उभा केला. दोन्ही डोळे उघडे होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, भाईंच्या फौजेकडे बघत होता.

"चला, आता करा सुरुवात," भाई म्हणाले आणि फाशांसाठी हात पुढे केला.

"थांबा. आधी ब्रश धुवा."

"धुतला की आत्ताच."

"पुन्हा एकदा धुवा."

ते माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. मग काही न विचारता त्यांनी पेला जवळ ओढला आणि तो स्वच्छ ब्रश पुन्हा धुतला.